कूलरखालची वाघीण

१

वरच्या फळीवरचे सगळेच्या सगळे उंदीर मेलेले होते.

संघपाल रामटेके दारातच खिळला. एका हातात बीजा नावाच्या झाडाच्या अर्काची बाटली, दुसऱ्या हातात उंदरांच्या तोंडात औषध सोडायची बोथट सुई. कोणाला द्यायचा आता दिवसाचा दुसरा डोस? खिडकीतला कूलर खडखड करत वारा फेकत होता, खोली थंडगार होती, आणि त्या गारव्यात पांढरे उंदीर जाळीला तोंडं लावून आडवे पडले होते. मधल्या फळीवरचे काही गेले होते, काही धापा टाकत होते. खालच्या फळीवर मात्र खुडखुड चालू होती, जशी रोज असते.

ही मांडणी संघपालचीच. खाली साधं पाणी पिणारे, मध्ये थोडा अर्क घेणारे, वर भरपूर अर्क घेणारे. पाहणाऱ्याला एका नजरेत कळावं म्हणून लावलेली. आज ती एका नजरेत एकच गोष्ट सांगत होती: जितका बीजा जास्त, तितकं मरण जास्त.

त्यानं जवळ जाऊन एका मेलेल्या उंदराच्या मानेला बोट लावलं. हनुवटी, मान, छाती, सगळं ओलं चिकट. एवढ्यात मागून कोणीतरी त्याचा खांदा धरला. वनौषधी संशोधन केंद्राचे प्रमुख, वीरेंद्र सर. त्यांनी वरच्या फळीकडे पाहिलं, मान हलवली, संघपालला बाहेर ओढलं आणि दाराला कुलूप घातलं.

"सर, आतले काही जिवंत आहेत!"

"संसर्ग," सर तेवढंच म्हणाले आणि किल्ली खिशात टाकली.

एरवी संघपाल कुलूप तोडून आत गेला असता, नाहीतर बाहेर पळून नाकाडोंगरीच्या रस्त्याला लागला असता. पण बाहेर जाता येत नव्हतं. इमारतीला दार एकच. दाराला लागून उंदीरखोलीची खिडकी, खिडकीत लोखंडी घोडीवर ठेवलेला कूलर, आणि कूलरखाली, गळणाऱ्या पाण्याच्या ओलीत, पोट जमिनीला टेकून वाघीण बसली होती.

२

हे ऐकून कोणाला हसू येत असेल तर त्यानं नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ रणरणत्या दिवसांत, एकदा या भागात येऊन दाखवावं. ऊन असं, की पत्र्याकडे पाहिलं तरी डोळ्याला चटका बसतो. जंगलातले पाणवठे आटलेले. अशात माणसानं जर ओल्या गवताच्या पडद्यातून वारा खेळवायचं यंत्र जंगलाच्या काठाला आणून ठेवलं, तर जंगलानं काय त्याच्याकडे पाठ फिरवावी? वाघीण उजाडताच आली, जागा पसंत केली आणि पसरली. वनखात्याला फोन केला तर उत्तर मिळालं, "दार लावून घ्या. तिले डिवचू नका. ऊन उतरलं की जाईल, आमी येतोच."

तर आत अडकलेली माणसं पाच. संघपाल, कोंढा गावचा, बीजाच्या लाकडावर पीएचडी करणारा. तृप्ती, त्याच्यासोबतचीच, गुळवेलीवर काम करणारी. धनीराम, केंद्राचा स्वयंपाकी आणि रखवालदार. वीरेंद्र सर. आणि कालच साकोलीहून तपासणीला आलेल्या रुखमिणीबाई कापगते, निवृत्त मुख्याध्यापिका. प्राण्यांवर प्रयोग करायचे तर देखरेखीला समिती लागते, आणि समितीत विज्ञानाबाहेरचं एक माणूस लागतं. ते माणूस म्हणजे या बाई. अंगानं भरभक्कम, आवाज शाळेच्या मैदानापलीकडे जाणारा.

सगळे सरांच्या केबिनमध्ये बसले होते, कारण एसी तिथं होता. खरं म्हणजे तो आला होता उंदीरखोलीसाठी. सरांच्या केबिनमध्ये 'तात्पुरता' लागला आणि तिथंच रुजला.

सर काही बोलले नाहीत. टाइप केलेला कागद बाईंपुढे सरकवला. रुखमिणीबाईंनी चष्मा चढवून मोठ्यानं वाचला: "बीजाच्या अर्काची मोठी मात्रा घातक आढळली. प्रयोग कायमचा बंद करावा. समिती सदस्याची सही."

संघपाल पुढे झाला. "सर, एवढे महिने एकही उंदीर शिंकला नाही. आज एकदम सगळे कसे मरतील?"

सरांनी छताकडे तोंड करून हुंकार दिला. मग जड जिभेनं म्हणाले, "एकतर झाड विषारी. नाहीतर तुझा हात चुकला. दोन्हीत बंदच."

सकाळी हेच सर सगळ्यांवर ओरडत होते. चहा गार म्हणून धनीरामवर, फोन लागत नाही म्हणून तृप्तीवर, खिडकीतून वाघिणीवरसुद्धा. आता इतके शांत. संघपालला वाटलं, राग गिळून बसले आहेत. ओरडले असते तर बरं होतं.

प्रयोग बंद म्हणजे पीएचडी बंद, फेलोशिप बंद. तेही त्यानं सोसलं असतं. पण त्याच्या आईला, तुळसाबाईला साखरेचा आजार होता. बीजाच्या लाकडाचा ग्लास त्यानंच तिला आणून दिला होता. रात्री पाणी भरून ठेव, सकाळी पी, असं त्यानंच सांगितलं होतं. या क्षणीही ग्लास कोंढ्याला चुलीमागच्या कोनाड्यात भरलेला असेल.

"सही करा, बाई," सर म्हणाले.

रुखमिणीबाईंनी पिशवीत हात घातला. पेन निघेल म्हणून सगळे पाहत राहिले. निघाला तो एक लाकडी ग्लास, तपकिरी, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. त्यांनी तो उन्हाच्या तिरिपेत धरला. तळाशी राहिलेल्या पाण्यावर निळसर झाक हलली.

"मंग मी रोज सकाळी हे काय पिऊन राहिली?" बाईंनी विचारलं.

सर कागदाची कड सरळ करत राहिले.

"म्हणजे हा प्रश्न आता माह्याही जिवाचा झाला," त्या उठल्या. "वाघीण बाहेर बसून आहे, कोणाले कुठं जायचं नाही. तवर मी जरा फिरून येते. चाल रे संघपाल."

आणि संघपालनं आयुष्यात पहिल्यांदा वाघिणीसाठी दुआ मागितली: बाई, उठू नको. बसून राहा.

३

स्वयंपाकखोलीत धनीराम चहाचं आंधण ठेवून जांभया देत होता. जबडा निखळेल अशा.

"झोप नाही झाली का गा?" बाईंनी विचारलं.

"झोपेचं नाही जी, मोठ्या बाई. खर्रा संपला कालच. सकाळी गावात जाऊन पुडी आनावी म्हनलं, तं ही बया बसली दारात. जबडा नुसता रिकामा चालून राहिला. डोकं ठनकते, हात थरथरते. म्हनून चहा करतो अन् पितो, करतो अन् पितो."

"अन् फाटकावर तं पाटी आहे, तंबाखूमुक्त परिसर."

"पाटी फाटकावर हाय जी," धनीराम नम्रपणे म्हणाला, "तोंड माह्यापाशी हाय. सरानं पाहिलं तं कान धरून उभा करते. मांगच्या महिन्यात पाव्हण्यायसमोर केलता."

संघपाल चुळबुळला. वेळ चालला होता आणि बाई तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या गप्पा मारत होत्या. "धनीरामभाऊ, दुपारी उंदीरखोलीकडे कोणी गेलं होतं का?"

"मले काय दिसते इथून? इथून फक्त ते दिसते." त्यानं खिडकीच्या जाळीतून बोट दाखवलं. कूलरच्या घोडीखालून पट्ट्यापट्ट्याचं शेपूट बाहेर आलं होतं. शेपटानं माशी हाकलली. "सकाळपासून तिचंच पाहून राहिलो. भल्ली लाडाची. गेली अन् परत आली."

"कुठं गेली होती?" बाई वळल्या.

"बोडीवर ना जी. तुमचे जेवनं झाले, मी भांडे घासून राहिलो, तं उठली. खिडकीकडे पाहे अन् गुरगुरे. जसं कोनी अंगावरची चादर ओढली. मंग गेली बोडीकडे, तिथल्या गाळात लोळली. चहाच्या टाइमाले पाहतो तं पुन्हा आपल्या जाग्यावर."

"भर दुपारी? डोक्यावर ऊन असताना?"

"हो जी. पाखरू बाहेर निघत नव्हतं, अन् ही चालली उन्हातून. मले वाटलं, हिले बी काही तलफ आली असन."

बाईंनी पेलाभर चहा घेतला, फुंकर मारली आणि संघपालकडे पाहून म्हणाल्या, "हे ध्यानात ठेव."

"काय ध्यानात ठेवू? वाघीण पाण्यावर गेली, त्यात काय?"

"तू या गारव्यातून उठून अशा उन्हात कशाले जाशील?"

"मी नाही जाणार."

"तीही नव्हती जाणार," बाई म्हणाल्या. "तिले कोणीतरी उठवलं."

४

तृप्ती तिच्या खोलीत वाळलेली पानं कागदावर चिकटवत होती. खोली उंदीरखोलीला लागूनच, मध्ये एक भिंत. संघपालच्या मनात मघापासून जे वळवळत होतं ते दारातच तोंडातून निघालं.

"खूश असशील ना? सर म्हणाले होते, दोघांपैकी एकाचाच प्रयोग पुढे चालू राहील. आता तुझाच."

तृप्तीनं पान खाली ठेवलं. "शरम नाही वाटत तुले? मी काहून मारीन तुझे उंदीर? तू दवाखान्यात ॲडमिट होता तेव्हा महिनाभर कोणी पाणी घातलं त्यांले? त्या मधल्या फळीवरच्या कानफाट्याला नाव कोणी ठेवलं?"

संघपालची मान खाली गेली. कानफाट्या जिवंत आहे की गेला, तेही त्याला ठाऊक नव्हतं.

"भांडणं मंग करा," रुखमिणीबाई स्टुलावर टेकल्या. स्टूल कण्हलं. "पोरी, तू जेवणानंतर इथंच होती?"

"इथंच. बाहेर वाघीण, केबिनमध्ये तुम्ही याची परीक्षा घेऊन राहिल्या होत्या. मी म्हटलं, आपलं काम बरं. आज मस्त काम झालं, बाई. एवढी पानं एका बसणीला कधीच होत नाहीत माझी."

"आज काहून झाली?"

"निवांत होतं ना. एरवी त्या कूलरनं डोकं उठते. भिंतीला कान फुटल्यासारखा वाजतो तो. रोज दुपारी डोक्याला बाम लावूनच बसते मी."

"आज बाम?"

"आज नाही ला..." तृप्ती थांबली. तिनं टेबलावरच्या बामच्या बंद डबीकडे पाहिलं, मग भिंतीकडे. भिंतीतून कूलर खडखडत होता. आत्ता, या क्षणी.

"बाई," ती हळूच म्हणाली, "दुपारी हा आवाज नव्हता."

५

तिघं मधल्या अंधाऱ्या वाटेत येऊन उभी राहिली. समोर उंदीरखोलीचं कुलूप. बाजूच्या भिंतीवर कूलरचं बटण, कोणाच्याही हाताला येईल असं.

संघपाल स्वतःशीच बोलू लागला. "वर पत्रा आहे. कूलर बंद झाला की खोलीचा तवा होतो. गरम हवा वर जाते. वरची फळी पत्र्यापासून हातभरावर." त्यानं आपल्या बोटाकडे पाहिलं. मघाशी ज्या बोटानं उंदराची मान चाचपली होती ते. "ओली होती. मला वाटलं, पाण्याची बाटली गळली. उंदराला घाम येत नाही, बाई. उकाडा असह्य झाला की तो आपलीच लाळ अंगाला माखतो, तेवढाच गारवा म्हणून. हनुवटी, मान, छाती. हे उंदीर अर्कानं नाही मेले. उकडून मेले!"

"मग वरचेच जास्त मेले ते अर्क जास्त म्हणून नाही," तृप्ती म्हणाली, "वर होते म्हणून."

"हे मले कळलं," रुखमिणीबाई म्हणाल्या. "पण तो सर म्हणेल, तुमचं म्हणणं एक अन् माझं एक. फळी अन् औषध तं सोबतच वर चढले. वेगळे कसे करणार? आज सकाळी तू आत काय काय केलं, सांग पाहू. उठल्यापासून."

"काही नाही. झाडलं, पाणी बदललं, डोस दिला. वरच्या फळीवरच्या एका पिंजऱ्याची बाटली गळत होती, खालच्यांच्या अंगावर थेंब पडत होते. म्हणून तो लाल चिठ्ठीचा पिंजरा उचलून खाली ठेवला आणि खालचा साध्या पाण्याचा पिंजरा वर..."

त्याचं वाक्य तिथंच अडलं.

भरपूर अर्क घेणारा एक पिंजरा आज खाली होता. अर्काचा थेंबही न चाखलेला एक पिंजरा वर होता.

तो कुलपाला जाऊन भिडला. फटीतून काही दिसेना. तिघं केबिनमध्ये धावली.

"किल्ली द्या, सर."

वीरेंद्र सरांनी मान हलवली. "संसर्ग."

"एकदाच पाहू द्या. एकच पिंजरा!"

"सही आधी. किल्ली नंतर." सरांनी कागद पुन्हा पुढे केला आणि हनुवटी वर करून खिडकीबाहेर पाहत बसले.

संघपालला वाटलं, आता रुखमिणीबाई गरजतील. पण त्या खुर्चीत सैल बसल्या, पदरानं वारा घेतला आणि दमल्या आवाजात म्हणाल्या, "जाऊ द्या रे पोरंहो. सर शिकलेले आहेत, चूक कशाले सांगतील? करते मी सही. फक्त एक. इथं अडकून असताना केली तं लोक म्हणतील दबावानं केली. वाघीण उठून गेली, दार मोकळं झालं, की त्याच मिनिटाले करते. त्याआधी नाही."

संघपालनं त्यांच्याकडे पाहिलं. म्हणजे आता त्याचा सगळा प्रयोग वाघिणीच्या बुडाखाली अडकला होता.

६

धनीराम चहा देऊन दाराशी उकिडवा बसला. एसी घुमत होता. रुखमिणीबाईंनी दार जरासं उघडंच ठेवायला लावलं, "मले कोंडल्यासारखं होते" म्हणून, आणि त्या फटीतून लांबून कूलरची खडखड ऐकू येत होती. आज सकाळपर्यंत संघपालला तो आवाज नकोसा वाटे. आता तो त्यालाच कान लावून बसला होता.

थोड्या वेळानं सर उठले. "स्टोअर. फाइल."

गेले.

तृप्ती काही बोलायला लागली तर बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. चेहऱ्यावरचा थकवा कुठल्या कुठं गेला होता. वर्गाबाहेर उभं राहून आतला गोंधळ ऐकणाऱ्या मास्तरणीचा चेहरा.

खडखड, खडखड, खडखड.

आणि खडखड थांबली.

एवढ्या अंगाच्या बाई एवढ्या चपळ असतील असं कोणाला वाटलं नसतं. संघपाल वाटेत पोचेपर्यंत रुखमिणीबाई तिथं उभ्या होत्या, आणि वीरेंद्र सरांचा हात अजून बटणावर होता.

"काय करून राहिले, सर?"

सरांनी हात मागं घेतला. "आवाज. त्रास होत होता."

"सकाळपासून नाही झाला? मी सही वाघिणीच्या उठण्यावर टांगली, तेव्हाच झाला? या घरात सगळ्यांले वाघीण हटायले पाहिजे. पण तिले हटवायचं बटण कोणतं, हे एकालाच माहीत होतं. कारण त्यानं ते दुपारी एकदा दाबून पाहिलं होतं." बाईंनी बटण पुन्हा लावलं. कूलर खडखडू लागला. "आता सांगा. दुपारी कशाले हटवली तिले?"

सरांची हनुवटी वर.

"तोंड उघडा."

"हूं?"

"माहा जन्म गेला पोट्ट्यायची हजेरी घेण्यात," बाई म्हणाल्या. "मागच्या बाकावरचे पोट्टे असेच वर तोंड करून बोलायचे. एका शब्दाचं उत्तर. राग आलेला माणूस बोलते, सर. तोंड भरलेला माणूस हुंकारते. सकाळी तुम्ही धनीरामसारखेच पिसाळले होते. त्याची तलफ अजून तशीच आहे. तुमची दुपारून गेली. कुठून आला खर्रा? घरात कोणाजवळ नव्हता."

"गाडीत," धनीराम पुटपुटला. त्याच्या डोळ्यांपुढं चित्र उभं राहिलं असावं. "गाडीच्या डब्यात. बाप्पा! म्हंजे सर, तुमी वाघिनीसमोरून गेले?"

बाईंनी हात पुढं केला, तळवा वर. वर्गात करत असतील तसाच. केंद्राच्या प्रमुखांनी, फाटकावर तंबाखूमुक्तीची पाटी लावणाऱ्या त्या माणसानं, पँटच्या खिशातून रबर गुंडाळलेली पन्नीची पुडी काढून त्या तळव्यावर ठेवली. मग कोपऱ्यातल्या बादलीत थुंकले आणि कित्येक तासांत पहिल्यांदा मोकळं बोलले.

"मला वाटलं, पाच मिनिटं बंद केला तर काय होतं. ती बोडीकडे गेली, मी धावत गेलो, पुडी घेऊन आलो. स्टोअरमध्ये बसून... सकाळपासून डोकं फुटत होतं हो. तोंडात पडला आणि डोळा लागला. जागा झालो, कूलर आठवला, बटण लावलं, आत पाहिलं..." त्यांनी डोळे मिटले. "तेव्हाच सांगायला हवं होतं."

"तेव्हा तुम्ही कुलूप लावलं," तृप्ती म्हणाली. "आणि झाडाचं नाव घेतलं."

"माझी नोकरी गेली असती."

"माझी आई गेली असती तर?" संघपाल म्हणाला. "ती ते पाणी पिते. विष समजून आज बंद केलं असतं मी. नाहीतर खरंच विष असतं आणि आपल्याला कधी कळलं नसतं. कारण तुम्ही प्रश्नच पुरून टाकत होता."

त्यानं हात पुढं केला. सरांनी किल्ली दिली.

कुलूप गंजकं, किल्ली लवकर फिरेना. दार उघडलं. संघपाल वरच्या फळीकडे न पाहता गुडघ्यांवर बसला आणि खालच्या कोपऱ्यातला, लाल चिठ्ठीचा, गळक्या बाटलीचा पिंजरा पुढं ओढला.

भुशात काहीच हललं नाही.

त्यानं जाळीवर नख वाजवलं. भुसा उसवला, एक गुलाबी नाक वर आलं. मग दुसरं. मग बाकीचे एकमेकांच्या अंगावरून चढत जाळीपाशी आले आणि रोजच्यासारखे सुईची वाट पाहू लागले. सकाळचा भरपूर डोस पोटात घेऊन, ठणठणीत.

तृप्तीनं स्टुलावर चढून वरून पांढऱ्या चिठ्ठीचा पिंजरा खाली काढला. साध्या पाण्याचे उंदीर. सगळे मेलेले, सगळ्यांच्या माना ओल्या. तो तिनं सरांच्या पायांशी ठेवला.

७

रुखमिणीबाईंनी मूळ कागद फाडला आणि दुसरा स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहायला घेतला: उंदीर उकाड्यानं दगावले, कारण अमुक, जबाबदार तमुक, प्रयोग नव्यानं करावा.

"म्हणजे बीजा विषारी नाही, असं लिहू ना?" त्यांनी विचारलं.

"नका लिहू, बाई," संघपाल म्हणाला. त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. "आज फक्त एवढं कळलं, की आजचे उंदीर बीजानं नाही मेले. पुढचं अजून माहीत नाही. ते पाहायसाठीच पुन्हा करायचं. आणि या वेळी पिंजरे चिठ्ठ्या टाकून लावीन, कोण वर, कोण खाली. दिसायला देखणं लावलं होतं मी. त्या देखणेपणानंच आज घात झाला असता."

"मंग तवर ग्लास?"

"तवर डॉक्टरची गोळी सोडू नका."

"गोळी कोणी सोडली? मी मास्तरीण आहे बाबू, खुळी नाही." त्यांनी ग्लास पिशवीत ठेवला आणि खर्ऱ्याची पुडी ग्लासात. धनीरामची नजर पुडीमागोमाग पिशवीत गेली. "तू नको पाहू तिकडे."

आता प्रश्न उरला बाहेर पडायचा. बटण कुठलं ते सगळ्यांनाच कळलं होतं. पण संघपाल आडवा आला. "आधी उंदीर."

मग जिवंत पिंजरे एकेक करून सरांच्या केबिनमध्ये गेले, ज्यांच्या नावानं तो एसी आला होता त्यांच्यापाशी. मधल्या फळीवरचे धापा टाकणारे सरांच्या टेबलावर, वाऱ्याच्या झोतासमोर. त्यात एक फाटक्या कानाचा होता. तृप्तीनं त्याच्या तोंडाशी पाण्याचा थेंब धरला, त्यानं तो चाटला, आणि तिनं इतका वेळ आवरलेलं एकदाचं रडून घेतलं. उंदरांना शांतता हवी म्हणून माणसांना केबिनबाहेर काढण्यात आलं. जायला एकच खोली उरली, बाईंची पाहुणेखोली. तिथला कूलर बाईंनी सकाळीच बंद केला होता. रिकाम्या खोलीत वीज जाळणं त्यांना खपत नसे. आता धनीरामनं तो लावला.

आणि संघपालनं उंदीरखोलीचं बटण बंद केलं.

सगळे पाहुणेखोलीच्या खिडकीशी दाटीनं उभे राहिले. वाघीण उठली. आळस दिला. बंद पडलेल्या कूलरकडे मान वर करून गुरगुरली, जशी एखादी बाई गेलेल्या लायटीला बोलते. दोन पावलं बोडीच्या वाटेनं टाकली. सरांनी गाडीची किल्ली काढली.

तेवढ्यात ती थांबली. कान फिरवले. इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, पडवीत, सरांच्या गाडीच्या वर, दुसरा एक कूलर नुकताच खडखडू लागला होता.

ती आली. डौलात, सावकाश, जणू तिची जागा राखून ठेवली होती. गाडीच्या दाराला अंग घासलं, खिडकीखालच्या ओल्या फरशीवर पोट टेकलं आणि समाधानानं असा काही उसासा सोडला की आतल्या पडद्यानं हेलकावा खाल्ला.

"बंद करा हा कूलर!" सर ओरडले.

"खबरदार," रुखमिणीबाई म्हणाल्या. त्यांनी पाय वर घेतले, कागद मांडीवर घेतला. "माहा अहवाल अजून अर्धा व्हायचा आहे. बसा."

सर बसले. हाताची बोटं थरथरत होती, जबडा रिकामाच हलत होता. धनीराम सरकून त्यांच्या शेजारी आला. त्याचाही जबडा तसाच हलत होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग बाईंच्या पिशवीकडे.

संघपालनं आईला फोन लावला. "नाही, आज नाही येत. अडकलो आहे." पलीकडून तुळसाबाईनं काहीतरी विचारलं. त्यानं खिडकीच्या जाळीतून खाली पाहिलं. पट्ट्यांचं शेपूट गाडीच्या चाकावर निवांत आपटत होतं.

"नाही वो माय," तो म्हणाला, "काही घाई नाही."